रिटर्नमध्ये चार लाख, मग मुलाला खावटी किती?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपासून तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्यात वेगळ्या राहता. हातात ३८ हजार पगार येतो. नवऱ्याचं सांगली जिल्ह्यात खतं-औषधांचं दुकान आहे, शिवाय सहा एकर बागायत, त्यात द्राक्षबाग आणि ऊस. त्यांच्या आयकर रिटर्नवर वर्षाचं उत्पन्न ४ लाख १६ हजार दिसतं. तुम्ही घर सोडल्यावर चार महिन्यांत त्यांनी वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा हक्कसोडपत्राने भावाला देऊन टाकला. आता वकिलामार्फत निरोप आलाय की तू कमावतेस, मुलापुरते महिन्याला चार हजार घे आणि विषय मिटव. तुमची विचारणा अशी की रिटर्नवर आकडाच एवढा असेल तर कोर्ट जास्त देईल का, आणि जमीन नावावरून गेली म्हणजे हिशोबातूनही गेली का.

चार हजारांवर सही करू नका. का, ते सविस्तर सांगते.

मी बावीस वर्षं कौटुंबिक प्रकरणं चालवते, आयांच्या बाजूने आणि वडिलांच्या बाजूनेही. या बावीस वर्षांत एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसला. लोक धरून चालतात की खावटी म्हणजे बापाच्या कागदावरच्या उत्पन्नाचे ठरावीक टक्के. तसं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचा जो दाखला सगळे देतात, तो सर्वोच्च न्यायालयाने बायकोच्या पोटगीच्या संदर्भात दिलेला आहे आणि तिथेही तो अंदाज म्हणून आहे. मुलासाठी कायदा विचारतो ते ऐपतीबद्दल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. त्याचा गाभा तोच राहिला: पुरेशी साधनं असूनही जो माणूस आपल्या मुलाला सांभाळत नाही, त्याला कोर्ट दरमहा रक्कम द्यायला लावतं. साधनं या शब्दात पगार आला, दुकान आलं, शेत आलं, भाड्याचा गाळा आला, आणि धडधाकट माणसाची कमावण्याची ताकदही आली. नोकरी सोडून 'मी बेकार आहे' म्हणणाऱ्या बापांना कोर्टांनी वर्षानुवर्षं हेच उत्तर दिलंय.

१९९७ साली जसबीर कौर सेहगल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोकळेपणाने म्हटलं होतं की एक बाजू उत्पन्न फुगवते, दुसरी दडवते, त्यामुळे थोडाफार अंदाज करावाच लागतो, गणिती काटेकोरपणा इथे शक्य नाही. हे वाक्य तुमच्या उपयोगाचं आहे. पण अंदाजालाही आधार लागतो आणि तो आधार तुम्हाला न्यायाधीशांच्या टेबलावर नेऊन ठेवावा लागेल.

तुम्ही नवऱ्याच्या मिळकतीपासून सुरुवात केलीत. मी तुम्हाला मुलापासून सुरुवात करायला सांगेन. माझ्याकडे येणाऱ्या दहा आयांपैकी सात-आठ जणी नवऱ्याच्या वागण्यावर दहा पानं लिहून आणतात आणि मुलाच्या खर्चावर एक ओळ, 'महिन्याला अंदाजे वीस हजार'. या एका ओळीला समोरचा वकील उलटतपासात दोन मिनिटांत लोळवतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, शाळेचं जुनं दप्तर घेऊन. त्यात दोनशे पानी वही होती. तारखेवार नोंदी: व्हॅनवाल्याचे पैसे, दमा असलेल्या मुलीच्या इनहेलरची बिलं पाठीमागच्या पानाला स्टेपल केलेली, बूट फाटले म्हणून जूनऐवजी सप्टेंबरमध्ये घेतलेले नवे बूट, सहलीचे तीनशे रुपये. समोरच्या वकिलांनी वही चाळली, चार पानं उलटली आणि खर्चावर एकही प्रश्न विचारला नाही. मुलीच्या खर्चाचा वाद तिथेच संपला, पुढे फक्त तो कुणी किती उचलायचा एवढंच उरलं.

तुम्हीही आजपासून वही घाला. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी कच्चं गणित मांडलं. शाळेची फी वर्षाला ७२ हजार, म्हणजे महिन्याला ६ हजार. व्हॅन १,८००. शिकवणी २ हजार. खाणंपिणं, दूध धरून ५ हजार. कपडे-बूट १ हजार. औषधपाणी ८००. फुटबॉलचा क्लास १,२००. झाले १७,८००. घरभाडं १४ हजार आहे, त्यातला मुलाच्या वाट्याचा भाग म्हणून ५ हजार धरा. लोक हा भाग मागायचाच विसरतात, पण निवारा हाही खावटीचाच भाग आहे, मूल काही हवेत राहत नाही. एकूण २२,८०० होतात. यात कुठे चैन नाही, आणि म्हणूनच हा आकडा टिकेल. तो ४० हजारांवर नेऊ नका. फुगवलेला एक आकडा उघडा पडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

आता नवऱ्याच्या कागदांकडे येऊ. इथे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून आलंय. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लहान मुलाची अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतची, खावटी त्यात होती, सुरुवातीला महिना ५ हजार आणि पुढे १० हजार. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने निकाल देताना देशभरासाठी नियम घालून दिले. खावटीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेती असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. सामनेवाल्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं आणि मुद्दाम टाळाटाळ केली तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकू शकतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की हे पाळा. म्हणजे पाळलं जात नव्हतं, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी अर्धवट भरलेले कागद दाखल होतात. पहिल्याच तारखेला तुमच्या वकिलांना अर्ज द्यायला सांगा: शेतीचा नमुनाही भरून द्यावा, रिकामे रकाने चालणार नाहीत. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर खोट्या पुराव्याची कारवाई मागता येते.

एक लक्षात ठेवा, प्रतिज्ञापत्र तुम्हालाही द्यायचंय. तुमच्या नावावरची एफडी, माहेरचे दागिने, पीएफ, सगळं लिहा. मी हे कळकळीने सांगते, कारण लपवलेल्या ६० हजारांच्या एका आवर्त ठेवीमुळे मी एक चांगलं प्रकरण पातळ होताना पाहिलंय.

४ लाख १६ हजार हा आकडा मला ओळखीचा वाटला. तो ५२ लाखांचे बरोबर ८ टक्के आहे. छोट्या व्यापाऱ्यांना आयकरात कलम ४४एडीची सोय होती: हिशोबाची वह्या-पुस्तकं न दाखवता उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरायचा. रिटर्न पूर्ण मागवून बघा. अंदाजाने धरलेला नफा असेल तर तो खरा नफा किती हे सांगतच नाही, कर कशावर भरला एवढंच सांगतो. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. '५२ लाख कमावतात' असं अर्जात लिहिलंत तर ते चुकीचं ठरेल. खतावर मार्जिन थोडंच असतं, औषधांवर जास्त, आणि माल हंगामभर उधारीवर गेलेला असतो. खरा आकडा मधे कुठेतरी आहे. तो शोधायला तीन गोष्टी मागवा. जीएसटीची रिटर्न्स. दुकानाच्या सर्व खात्यांचे तीन वर्षांचे उतारे. आणि कॅश क्रेडिट खातं, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणारं खातं, असेल तर बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे तक्ते. शेवटची गोष्ट फार कमी जण मागतात. व्यापारी आयकर खात्याला माल कमी दाखवतो, पण कर्जाची मर्यादा वाढवून हवी असते तेव्हा बँकेला तोच माल भरभरून दाखवतो. दोन्ही कागद एकाच माणसाच्या सहीचे. ते शेजारी शेजारी ठेवले की युक्तिवाद फारसा करावा लागत नाही.

शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. म्हणून रिटर्नवर ते नीट दिसत नाही आणि लोक म्हणतात, 'शेतीत काय राहतं?' काही वर्षं खरंच काही राहत नाही. अवकाळी पाऊस आला, द्राक्षाचे मणी तडकले, तर कर्जच वाढतं. वडिलांच्या बाजूने उभी असताना मी हे कोर्टाला दाखवलंय आणि कोर्टाने ऐकलंय. पण द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून रोखीत येत असले तरी उसाचं तसं नसतं. कारखान्याकडे ऊस कुणाच्या नावाने नोंदला गेला, किती टन गेला, बिल किती झालं, सोसायटीचं कर्ज किती वळतं झालं आणि जिल्हा बँकेच्या खात्यावर किती जमा झालं, हे सगळं कागदावर असतं. कोर्टाकडून कारखान्याला आणि बँकेला पत्र जाऊ शकतं. सातबारावरची पीक पाहणी बघा. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, त्यात पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून फोटोसकट करतो. 'जमीन पडीक आहे' असं म्हणणं लिहून देणाऱ्याच्या नावानेच द्राक्षबागेची नोंद निघाली, तर ती त्याने स्वतः केलेली असते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हक्कसोडपत्राचा. वडिलोपार्जित जमिनीत भावाच्या नावे विनामोबदला हक्कसोड करायला महाराष्ट्रात मुद्रांक अगदी नाममात्र लागतो, त्यामुळे वाद सुरू झाला की हा मार्ग बरेच जण धरतात. त्याकडे तीन बाजूंनी बघावं लागतं. पहिली बाजू तारखेची. फेरफार, म्हणजे तलाठ्याकडची नावबदलाची नोंद, काढा, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढा, आणि तुम्ही घर सोडल्याची तारीख त्याच्या शेजारी लिहा. महिना चार हजारांपलीकडे ऐपत नाही म्हणणाऱ्या माणसाने बागायत जमीन फुकट का दिली, हा प्रश्न न्यायाधीश स्वतःच विचारतात. समाधानकारक उत्तर नसेल तर ती जमीन अजून त्याच्याच ऐपतीत धरण्याची मागणी तुम्ही करू शकता. दुसरी बाजू ताब्याची. नाव भावाचं, पण बागेत फवारणी कोण करतं, छाटणीला मजूर कोण लावतं, व्यापाऱ्याशी सौदा कोण ठरवतं? गावात हे लपत नाही. तिसरी बाजू सगळ्यात महत्त्वाची, आणि ती खावटीच्या पलीकडची आहे. जमीन खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित असेल तर तुमच्या मुलाचा तिच्यात जन्मतः हिस्सा आहे. वडिलांनी आपलं सोडलं म्हणून मुलाचंही सुटलं असं गृहीत धरू नका. तो वाद दिवाणी दाव्याचा आहे, खावटीच्या अर्जात तो सुटणार नाही. पण आजोबांनी ती स्वतः विकत घेतलेली असेल तर हा हक्क नाही, म्हणून आधी जुने फेरफार पणजोबांपर्यंत मागे न्या. दावा करायचा की नाही हे त्यानंतर ठरवू. आज मात्र एक करा, जमीन पुढे विकली जाण्याची चिन्हं दिसली तर मनाई हुकमाचा अर्ज लगेच.

'तू कमावतेस' या मुद्द्याचं काय? त्यात अर्धं तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जावं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० नुसार मुलाला सांभाळणं आई आणि बाप दोघांचं कर्तव्य आहे. पद्मजा शर्मा यांच्या प्रकरणात, सन २०००, दोघंही नोकरीत होते आणि वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च दोनास एक असा वाटून दिला. म्हणजे आईच्या पगाराने बापाची जबाबदारी संपत नाही, प्रमाण तेवढं ठरतं. तुमच्या बाबतीत समजा कोर्टाने कागद बघून दुकान आणि शेती मिळून त्यांची ऐपत महिना ९० हजार धरली. तुमचे ३८ हजार. प्रमाण साधारण ७० आणि ३० येतं. २२,८०० चे ७० टक्के म्हणजे जवळपास १६ हजार. हा माझा अंदाज आहे, हमी नाही. कोर्टाने ऐपत ६० हजारच धरली तरी त्यांचा वाटा १४ हजारांच्या आसपास राहतो. चार हजार कुठल्याच गणितात बसत नाहीत. आणि रात्री दोनला ताप मोजणं, पालक सभेला अर्धी रजा टाकणं, डबा करणं, हे तुमच्या वाट्याचं काम आहे, त्याचं बिल नसलं तरी ते वकिलांना युक्तिवादात मांडायला सांगा. पैशाचा वाटा ठरवताना ते विचारात घ्यावं, असं मी प्रत्येक वेळी आग्रहाने म्हणते.

ते हप्त्यांची यादी पुढे करतील: गाडीचा हप्ता, एलआयसी, पतसंस्थेचं कर्ज. कोर्ट सर्वसाधारणपणे सक्तीची कपात मान्य करतं, म्हणजे आयकर, व्यवसाय कर, नोकरदाराचा सक्तीचा पीएफ. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलाच्या आधी येत नाहीत. तुम्ही वेगळ्या झाल्यावर घेतलेली गाडी तर ऐपतीचाच पुरावा आहे. पीककर्जाचं मात्र तसं नाही, ते शेतीचा खर्च म्हणून धरलं जाईल. त्यांचे म्हातारे आईवडील त्यांच्यावर अवलंबून असतील तर तेही कोर्ट बघेल, आणि बघायलाच हवं.

अर्ज लवकर दाखल करा. रजनेशच्या निकालानंतर खावटी अर्जाच्या तारखेपासून मिळते. घर सोडल्याच्या तारखेपासून मिळत नाही. तुमची दोन वर्षं तशीच गेली, हे सांगताना मला वाईट वाटतं. अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्ज आणि प्रतिज्ञापत्र पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवा. तुम्ही पुण्यात राहता, तेव्हा पुण्यातच अर्ज करता येतो, सांगलीला खेटे घालण्याची गरज नाही.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत तर? कलम १४४ खाली वसुलीचं वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही. थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, ही मुदत विसरू नका, तिच्यामुळे अनेकींचे पैसे बुडाले. नोकरदार वडील असते तर पगारावर टाच हा सोपा मार्ग होता: दिवाणी हुकूमनाम्यात खावटीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीचा जप्त होऊ शकतो. तुमच्या बाबतीत मी दुसरी वाट सुचवते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये मॅजिस्ट्रेट सामनेवाल्याच्या मालकाला किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला थेट तुम्हाला पैसे द्यायला सांगू शकतो. ज्या कारखान्याकडे त्यांचं ऊसबिल येणं आहे, तो कारखाना त्यांचं देणंच लागतो. तुमच्या प्रकरणात हिंसाचाराच्या तक्रारीला जागा असेल, तर ही मागणी त्या अर्जात घाला. दोन ठिकाणी अर्ज केले तर दुसरीकडे पहिल्या हुकमाची माहिती द्यायचीच, एकच खर्च दोनदा मिळत नाही.

तडजोड करायला माझा विरोध नाही. पाच वर्षं भांडण्यापेक्षा चांगली तडजोड मुलाच्या भल्याची असते. पण 'मुलाची खावटी कायमची सोडली' असं कलम त्यात नको. तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून सुटत नाही, मग कागदावर तरी कशाला? त्याऐवजी दरवर्षी ठरावीक टक्के वाढ, फी थेट शाळेच्या खात्यात, आजारपणाचा मोठा खर्च निम्मा-निम्मा किंवा ठरलेल्या प्रमाणात, असं लिहून घ्या. आणि अठरानंतरच्या शिक्षणाचं आत्ताच लिहा. कलम १४४ खालची खावटी मुलगा सज्ञान झाला की सहसा थांबते, नेमकी इंजिनिअरिंगची नाहीतर डिप्लोमाची फी भरायच्या वेळी. मुलगी असती तर १९५६ च्या कायद्याखाली लग्नापर्यंत मागता आली असती, मुलासाठी तशी सोय नाही.

हे वाचणाऱ्या मुस्लिम भगिनींसाठी एक ओळ: कलम १४४ सर्व धर्मांना लागू आहे. तलाकनंतरही मुलांचा हा हक्क बापाकडे राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नूर सबा खातून यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

तुम्ही शेवटी भीत भीत विचारलंय की मुलाला कोर्टात उभं करावं लागेल का. नाही. खावटीच्या अर्जासाठी त्याची गरज नसते. ताबा किंवा भेटीचा वाद निघाला तर न्यायाधीश चेंबरमध्ये त्याच्याशी बोलू शकतात, तेव्हाचं तेव्हा बघू. वडिलांनी त्याला भेटायला मागितलं तर खावटी थकली या कारणाने अडवू नका, दोन्ही गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत. सोमवारी वकिलांकडे जाताना शाळेच्या फीच्या पावत्या, तुमच्या पगाराच्या सहा महिन्यांच्या स्लिपा, भाडेकरार, जुना आणि नवा सातबारा, हक्कसोडपत्राचा फेरफार, एवढं बरोबर न्या. मुलाला शाळेत जाऊ द्या.